पुलापलीकडचं की वळणावरचं

फाटक

घराच्या फाटकातून बाहेर पडलं की रस्ता दोन्हीकडे फुटतो. उजवीकडे गेलं की पूल लागतो आणि पुलापलीकडे मोठं हॉस्पिटल. डावीकडे गेलं की जरा पुढे वळण, आणि वळणावर छोटं हॉस्पिटल. दोन्ही हॉस्पिटलांना चांगली भारदस्त नावं आहेत, दारावर पितळी अक्षरांत ठोकलेली. पण अँब्युलन्सवर काम करणारी माणसं ती नावं फक्त कागदावर लिहितात. तोंडात असतं ते एवढंच: पुलापलीकडचं आणि वळणावरचं.

ह्या गोष्टीत एक अँब्युलन्स ह्या फाटकात येऊन उभी राहणार आहे, आणि ती इथून कुठे वळणार एवढाच प्रश्न आहे. पण ती येतेय बाबांसाठी. बाबांची वाचा गेली आहे. ज्या माणसाने उभी हयात बोलून काढली, त्याची वाचा. तेव्हा प्रश्न एवढाच असला तरी एवढासा नाही.

आणि फाटक सताड उघडून, दोन्ही हातांनी धरून उभी आहे ती त्यांची मुलगी. तीही अँब्युलन्सवरच असते. पेशंटला तपासायचं, सांभाळायचं आणि कुठे न्यायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. अड्ड्यावर समोर सगळे तिला ताई म्हणतात आणि पाठीमागे होकायंत्र. कारण पेशंट स्ट्रेचरवर यायच्या आत हिच्या डोक्यातली सुई कुठेतरी जाऊन रोखलेली असते. आणि ती सुई चुकत नाही.

चुकली नव्हती, असं म्हणू.


जरा मागे

सुट्टीचा दिवस होता. सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण ती करणार हे घरात ठरलेलं, आणि ते वेळेवर होणार नाही हेही ठरलेलं. आज भाजी चिरून झाली, हात धुवायला गेली, तर नळ गळताना दिसला. मग काय, बाई पाना घेऊन ओट्याखाली.

बाबांनी सकाळपासून पोट राखून ठेवलं होतं. नाश्त्याला आईने पुढे केलेली बशी त्यांनी दोन बोटांनी मागे सरकवली होती. "आज साहेबांच्या हातचं आहे. भूक वाया घालवायची नाही." लेकीला ते साहेब म्हणत. पहिल्यांदा गणवेश घालून समोर उभी राहिली, त्या दिवशी गमतीने म्हणाले, ते चिकटलंच.

बाबा बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भोंगा काही बंद झाला नाही, असं आईचं म्हणणं. आत्ताही ते टेबलाशी बसून, चमचा तोंडाजवळ माइकसारखा धरून म्हणाले, "कृपया लक्ष द्या. स्वयंपाकघरातून सुटणारं जेवण तांत्रिक कारणामुळे विलंबाने धावत आहे."

"तांत्रिक कारण तुमची लाडकी लेक आहे," आई म्हणाली. "ओट्याखाली गेलीय. पाय तेवढे बाहेर आहेत."

टेबलही बघून ठेवू. मधोमध पाण्याची काचेची बाटली. बाटलीच्या डावीकडे आईचा गोळ्यांचा डबा, उजवीकडे बाबांचा. दोन्ही एकाच रंगाचे, आत वारांचे रकाने पाडलेले. ही व्यवस्था लेकीची. आई म्हणाली होती की झाकणांवर नावं लिहू या, पण लेकीला ते बाळबोध वाटलं. जागा ठरलेली असली की नाव कशाला लागतं? बाबांच्या नेहमीच्या खुर्चीवर लेकीची ड्यूटीची पिशवी पडली होती, कालची तशीच. म्हणून बाबा आज सकाळपासून समोरच्या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून बसले होते. पिशवी उचलायला सांगून साहेबांना कशाला त्रास द्या.

भाजी शिजत आली तेव्हा बाबांनी पुन्हा चमचा उचलला. "कृपया ल... लक... फला..."

आई हसली. तिला वाटलं, नवीन काहीतरी नक्कल आहे.

लेक हसली नाही. तिने वळून पाहिलं. बाबांचा चेहरा घामाने ओला होता, ओठांचा एक कोपरा खाली आला होता, आणि उजव्या हातातला चमचा घसरत घसरत मांडीवर गेला होता. ते त्या चमच्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

तिने हातातला डाव तसाच ओट्यावर टाकला. "बाबा, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. माझ्यामागून बोला." हसू वाकडं आलं. डावा हात वर राहिला, उजवा खाली गेला. शब्दांचं नुसतं पीठ झालं होतं.

"अगं," आई म्हणाली, "माझं मीटर देऊ का? खालच्या खणात आहे."

"आई, तू मध्ये येऊ नकोस."

"मला काय. मी रोज टोचून घेते म्हणून म्हटलं."

लेकीने अड्ड्यावर फोन लावला होता. "मी बोलतेय. माझे वडील आहेत. स्ट्रोक वाटतोय. उजवा हात ढिला. त्यांचा उजवा."

त्यांचा उजवा, हे सांगावं लागतं. पेशंट समोर असला की त्याचा उजवा तो आपला डावा. म्हणून ह्या धंद्यात उजवं-डावं नेहमी पेशंटच्या बाजूने मोजतात. पहिल्या दिवशी शिकवलेला धडा. ती झोपेतसुद्धा चुकली नसती.

"ताई? आज सुट्टी ना तुझी?" फोनवरची मुलगी म्हणाली, मग तिचा आवाज लगेच कामाचा झाला. "गाडी निघाली. तुझीच गाडी आहे. गाडीवर काका आहेत आणि तो सावकाश."

"सावकाश?"

"दुसरं जवळ कोणी नाहीये, ताई."

"बरं. पुलापलीकडे कळव, स्ट्रोक येतोय म्हणून."

"गाडी पोचली की ते बघतील आणि..."

"मी बघितलंय. कळव."


उजवीकडे

बाहेरच्या माणसाला वाटतं, अँब्युलन्स जवळच्या हॉस्पिटलात जाते. तसं असतं तर ह्या कामाला माणूस लागलाच नसता, नुसता नकाशा पुरला असता.

पहिली गोष्ट, काय झालंय. श्वासच अडकला असेल तर जे पहिलं दार लागेल ते. हृदयाचं असेल तर तिथे, जिथे हृदयाची नळी तिथल्या तिथे उघडतात. लेकरू असेल तर तिथे, जिथे लेकरांचे डॉक्टर आहेत. आणि मेंदूची नस तुंबली असेल तर तिथे, जिथे दारातून थेट मशीनखाली घेतात आणि गाठ विरघळवायचं औषध हातात घेऊन कोणीतरी उभं असतं. वेळेत पोचलं तर गेलेली वाचा परत येते. नाही पोचलं तर माणूस पुढची वर्षं पाण्याला पाणी न म्हणता हात दाखवत काढतो. असे दोन्ही तऱ्हेचे लोक तिने गाडीतून नेले होते. पुलापलीकडच्या लोकांनी तिच्या डोळ्यांदेखत एका बाईला बोलतं केलं होतं. त्या बाईने पहिला शब्द काढला तो शिवीचा, नवऱ्याला. सगळे खूश झाले होते, नवरा सगळ्यात जास्त.

दुसरी गोष्ट, रस्ता. पुलावर गर्दी किती, दारात आधीच किती गाड्या, खाट मोकळी आहे का, पेशंटचे जुने कागद कुठे आहेत.

तिसरी गोष्ट काकांची. काका म्हणजे तिच्या गाडीचे ड्रायव्हर. त्यांच्या मते हॉस्पिटल पारखायचं ते गाडी लावायला जागा आणि चहा ह्या दोन गोष्टींवरून. बाकीची शास्त्रं त्यांनी तिच्यावर सोपवली होती.

आणि चौथी गोष्ट म्हणजे...

अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. चौथी गोष्ट नंतर.


डावीकडे

डावीकडचं दोन ओळींत सांगून टाकू, कारण तिने तेवढाही विचार केला नाही.

वळणावरचं म्हणजे मुरगळलेले पाय, ताप, पोटदुखी. मेंदूचं मशीन नाही, स्ट्रोकचे डॉक्टर नाहीत. आत जायच्या चढावर मध्येच एक वळसा आहे, तिथे स्ट्रेचर अडतं, आणि लिफ्ट अशी की प्रत्येक मजल्यावर सुस्कारा सोडते. पेशंट द्यायचा, सही घ्यायची आणि निघायचं. इतक्या वर्षांत ती तिथे कधी टेकली नव्हती.


सरळ

सरळ काही नाही. फाटकासमोर रस्त्यापलीकडे लाँड्रीची भिंत आहे. सरळ कोणी जात नाही.


खोलीत

"पोरी, बाजूला हो," काका म्हणाले. स्ट्रेचर त्यांनी असं आत घेतलं की दाराच्या चौकटीला ओरखडा नाही. बाबांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा जरासा हलला. अड्ड्यावर डबा खाताना बाबांच्या घोषणांचे किस्से त्यांनी ढीगभर ऐकले होते.

मागून सावकाश आला. बॅग खाली ठेवली, बाबांसमोर गुडघे टेकले.

सावकाश हे नाव त्याला का पडलं, हे त्याच्याबरोबर एकदा गेलं की कळतं. तो ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतो. पेशंट पायरीवर बसून सिगारेट ओढत असला, तरी श्वास नीट चालतोय का इथूनच सुरुवात. मागच्या आठवड्यात अड्ड्यावर साहेबांनी, म्हणजे खऱ्या साहेबांनी, विचारलं की पुढच्या महिन्यापासून ह्याला आपल्या गाडीवर कोण घेतं, तर सगळ्यांना एकदम आपापल्या चहात काहीतरी दिसलं. ती म्हणाली होती, "ह्याचे प्रश्न संपेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल." लोक हसले होते. सावकाश तेव्हा शेजारच्या खोलीत सिलिंडर लावत होता. भिंत पातळ होती.

"बाबा," तो आता म्हणाला, "मी तुम्हाला तपासतोय. माझं बोट दाबा. हं. आता ह्या हाताने."

"हे सगळं झालंय माझं," ती म्हणाली. "उजवी बाजू आहे. बातम्या लागल्या तेव्हा नीट बोलत होते. पुलापलीकडे कळवलंय. उचला आणि चला."

"हो," सावकाश म्हणाला, आणि बाबांच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"अरे, चल ना."

"चाललोय."

"चालत नाहीयेस तू. बसला आहेस."

तिचा आवाज चढला होता. काकांनी स्ट्रेचरचा पट्टा उगाचच सरळ केला. सावकाशने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाबांना विचारत होता त्याच आवाजात त्याने तिला विचारलं.

"ताई, आज तू इथे कोण आहेस?"

तिने स्ट्रेचर पुढे ओढलं.

"मुलगी असशील तर त्यांचा हात धर. क्रू असशील तर साखर किती आली ते सांग."

"त्यांना साखरेचा आजार नाहीये."

"ते नाही विचारलं."

टेबलापलीकडून आई म्हणाली, "मी मघाशीच म्हणत होते मीटर देऊ का. पण इथे माझं कोण ऐकतंय. मी आपली घरची."

टोचायला कितीसा वेळ लागतो. बोटाच्या टोकावर थेंब आला, पट्टीने तो ओढून घेतला. मीटरने आकडा दाखवला. सावकाशने तो मोठ्याने वाचला नाही, मीटर तिच्यासमोर धरलं.

आकडा इतका खाली होता की क्षणभर तिला वाटलं, मीटर उलटं धरलंय.

साखर फार उतरली की मेंदूला खायला काही उरत नाही. मग तो हात खाली सोडतो, तोंड वाकडं करतो, शब्दांचं पीठ करतो. अगदी हुबेहूब स्ट्रोक. म्हणूनच वाचा अडखळलेल्या प्रत्येक माणसाचं बोट आधी टोचायचं आणि मग कुठे न्यायचं ते ठरवायचं. हे तिला माहीत होतं. नव्यांना हे ती स्वतः शिकवायची. आज मात्र ती आधी पूल ओलांडून गेली होती, आणि बाबा मागे खुर्चीतच राहिले होते.

तिने बाबांचा हात धरला. त्यांचा उजवा.


थांबा

सावकाशने शीर शोधली. ती दोनदा त्याला सांगणार होती की वरची बघ, आणि दोन्ही वेळा तिने ओठ मिटून घेतले. शीर त्याला मिळाली. सुई आत गेली, साखरेचं पाणी आत जायला लागलं.

मग काही नाही.

नळ मात्र गळत नव्हता. तेवढं काम तिचं चोख झालं होतं.

काका भिंतीवरच्या फोटोत बघत होते. त्यात बाबा माइकसमोर होते, केस काळे, गाल फुगलेले. आईने बाबांचा घाम टिपला आणि तेच फडकं घेऊन टेबल पुसायला लागली.

तिच्या मुठीत बाबांचं एक बोट हललं. मग दुसरं. मग त्यांनी हात सोडवून घेतला, आणि त्याच हाताने नाक खाजवलं. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, काकांच्या बुटांपासून सावकाशच्या बॅगेपर्यंत.

"एवढी माणसं," बाबा म्हणाले. "जेवण पुरेल का?"

आई म्हणाली, "पुरेल. कोणी खाल्लंय कुठे अजून," आणि फडकं तोंडाला लावून आत निघून गेली.


खुर्ची

"पण साखर उतरली कशाने?" काका म्हणाले. "उपाशी तर मीही राहतो."

"तुम्ही राहता?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. तिने काकांना आजच पहिल्यांदा पाहिलं होतं, पण काकांचं पोट सगळ्यांनाच दिसत होतं.

सावकाश त्याच्या पुढच्या प्रश्नावर आला होता. "बाबा, सकाळी कुठली गोळी घेतली?"

"नेहमीची. ब्लडप्रेशरची. उजव्या डब्यातली." बाबांनी हात पुढे करून डबा दाखवला.

त्यांच्या उजव्या हाताला जो डबा होता, तो आईचा होता.

ती बघत राहिली. बाबांच्या नेहमीच्या खुर्चीवर तिची पिशवी ऐसपैस बसली होती. बाबा समोर होते. समोरून बघितलं की बाटलीच्या उजवीकडचं डावीकडे जातं. सावकाशने काही विचारायच्या आत तिने दोन्ही डबे उघडले. बाबांच्या डब्यात आजचा रकाना भरलेला. आईच्या डब्यात आजचा रकाना रिकामा.

"आई, तू तुझी साखरेची गोळी घेतलीस सकाळी?"

"घ्यायला गेले तर रकाना रिकामा," आई म्हणाली. "म्हटलं, घेतली असेन. हल्ली विसरायला होतं."

साखर उतरवायची गोळी, ती साखर नसलेल्या माणसाने घेतलेली, आणि वर नाश्ता मागे सरकवलेला. साहेबांच्या हातचं खायचं म्हणून. तिला हसू यायला लागलं आणि ते वाटेतच दुसरं काहीतरी झालं.

"पेशंटचा उजवा," ती म्हणाली. "रोज सगळ्यांना सांगते. घरात मात्र माझाच उजवा चालतो."

"साहेब, रडू नका," बाबा म्हणाले. "गोळी गोडच होती."

सावकाशने ह्या वेळी आईचं बोट टोचलं. आईची साखर चढलेली होती.

"यांची उतरली, हिची चढली," काका म्हणाले. "याला म्हणतात संसार."


चौथी गोष्ट

आता प्रश्न पुन्हा तोच. कुठे?

"कुठेच नाही," बाबा म्हणाले. "मी बरा आहे. वाढा."

"वाढतील, थोडं खाऊनच निघू," सावकाश म्हणाला. "पण जावं लागेल, बाबा. ती गोळी पोटात बराच वेळ काम करत राहते. आत्ता वर आलेली साखर ती पुन्हा खाली ओढेल. उद्यापर्यंत कोणीतरी सारखं टोचून बघायला पाहिजे."

त्याने पुलापलीकडे फोन करून स्ट्रोक येत नाही म्हणून सांगितलं. तिकडे लोक दारात तयारच उभे होते. ती कान देऊन ऐकत होती, कोणी चिडेल म्हणून. पलीकडची बाई म्हणाली, "बोलतायत का? नीट? छान, छान," आणि फोन ठेवला.

"तरी पण पुलापलीकडेच..." ती सवयीने म्हणाली, आणि थांबली.

सावकाशने वाट पाहिली. मग म्हणाला, "तू सांग. आता क्रू म्हणून विचारतोय."

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा हळूहळू, भलत्याच चवीने, भाजी खात होते, आणि दर घासाला आईकडे बघत होते, मीठ कमी आहे हे आपण बोलायचं की तिने, असं. तिने डोक्यातली सुई सोडून दिली. पहिल्यापासून सुरुवात केली. काय झालंय? साखर. काय लागेल? मशीन नाही, पूल नाही, गाठ विरघळवणारे डॉक्टर नाहीत. एक खाट, आणि दर थोड्या वेळाने येऊन बोट टोचणारं, न कंटाळणारं माणूस. पुलापलीकडे आज बाकांवर लोक बसले असतील, आणि त्यांच्यात बाबा सगळ्यात धडधाकट. म्हणजे त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी कोणीतरी बघणार. वळणावरच्या हॉस्पिटलात मात्र ह्या दुपारी बाबांएवढा महत्त्वाचा पेशंट दुसरा नसेल.

मग ती चौथी गोष्ट, जी मघाशी राहिली. ती नियमात अगदी शेवटी येते आणि घाईत पहिली गळते.

"बाबा," तिने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय?"

बाबांनी घास गिळला. "जिथे तुझी आई चालत येऊ शकेल तिथे. पुलावर तिला चक्कर येते."

"चक्कर नाही येत," आई म्हणाली. "खाली बघवत नाही, एवढंच."

"डावीकडे," ती सावकाशला म्हणाली.


फाटक, पुन्हा

पेशंटच्या नातेवाइकांनी पुढे बसायचं, ड्रायव्हरशेजारी. त्या सीटवर ती आजवर कधी बसली नव्हती. पुढून रस्ता फारच मोठा दिसत होता. मागे छोट्या खिडकीतून सावकाशचे प्रश्न ऐकू येत होते, ठरलेल्या क्रमाने, आणि बाबांची उत्तरं, कुठल्याच क्रमाने नाहीत.

काकांनी फाटकाशी गाडी थांबवली, दोन्हीकडे पाहिलं.

"कृपया लक्ष द्या," मागून आवाज आला. छातीतून येणारा, बसस्टँडच्या पत्र्याखाली घुमायचा तोच. "पुलापलीकडे जाणारी गाडी आज वळणावरच्या हॉस्पिटलात थांबेल. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल साहेब दिलगीर आहेत."

ती एकेक अक्षर तपासत होती. पुलापलीकडे. वळणावरच्या. गैरसोयीबद्दल, त्यातला जोडाक्षराचा ठोका धरून. दिलगीर. एकही अक्षर घसरलं नाही.

"दिलगीर आहात का?" काकांनी विचारलं.

"गाडी चालवा."

काकांनी गाडी डावीकडे घेतली.


वळणावर

चढावरच्या वळशाला स्ट्रेचर अडलं. लिफ्टने प्रत्येक मजल्यावर सुस्कारा सोडला, आणि तिच्याबरोबर बाबांनीही, सोबत म्हणून. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरने त्यांना खिडकीजवळची खाट दिली, बोट टोचलं, आकडा बघितला आणि म्हणाली, "तुम्ही बसस्टँडवर होतात ना? तुमच्या आवाजावर मी कॉलेजची गाडी पकडायचे. एकदा चुकवलीतही."

"ती गाडी चुकली असेल," बाबा म्हणाले. "मी नाही."

आई खरंच चालत आली. हातात जेवणाचा डबा, पिशवीत आणखी एक डबा, आणि गोळ्यांचे दोन्ही डबे. लेकीने सावकाशच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि झाकणांवर ठळक लिहिलं, एकावर आई, एकावर बाबा. आईने ते लांब धरून वाचलं.

"बाळबोध वाटतंय," ती म्हणाली.

"वाटू दे."

सावकाशचं इथलं काम संपलं होतं. कागद झाले, सही झाली. तो बॅगेचे खण एकेक करून बंद करत होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मागच्या आठवड्यात अड्ड्यावर मी जे म्हणाले ते..."

"भिंत पातळ आहे," तो म्हणाला. "पण बरोबर होतं ते. पेशंट बरा झालाच की."

ती हसली. "पुढच्या महिन्यापासून माझ्या गाडीवर येशील?"

त्याने शेवटचा खण बंद केला. "आधी काही प्रश्न आहेत."

"विचार."

"गाडीत रेडिओ कोण लावतं?"

"काका."

"बंद कोण करतं?"

"मी."

"घाई झाली की कोण ओरडतं?"

"मीच," ती म्हणाली. "तेव्हा तू काय करशील?"

सावकाशने थोडा विचार केला. "हो म्हणेन," तो म्हणाला, "आणि चालू ठेवेन."

इतक्यात काका लिफ्टमधून बाहेर आले. दोन्ही हातांत चहाचे कप, बोटांत अडकवलेले, वाफ येणारे. एक तिला दिला, एक सावकाशला. बाबांनीही हात पुढे केला, तर सिस्टरने लांबूनच सांगितलं की त्यांना द्या, साखर घालून द्या.

ती खिडकीशी टेकली आणि घोट घेतला. मग कपात बघितलं, मग काकांकडे.

"इथला चहा इतका चांगला असतो?"

"पहिल्यापासून."

"मला कधी बोलला नाहीत ते?"

"तू थांबलीस कधी?" काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.